‘आजचा दिवस तो नव्हे’

१४ डिसेंबर २०१२ रोजी सकाळी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन या शांत गावी, सँडी हूक प्राथमिक शाळेत, वीस वर्षांचा एक तरुण अर्धस्वयंचलित रायफल घेऊन शिरला. काही मिनिटांतच त्याने सहा-सात वर्षांची २० मुले आणि शाळेतील ६ स्त्रिया यांचे प्राण घेतले. त्याच दिवशी व्हाइट हाउसमध्ये पत्रकारांनी प्रवक्ते जे कार्नी यांना विचारले, की आता तरी बंदुकांविषयी काही होणार काय? धोरणाच्या चर्चेचा दिवस पुढे येईलच, परंतु आजचा दिवस तो नव्हे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. काही तासांनी स्वतः अध्यक्ष बराक ओबामा बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांना अश्रू आवरत नव्हते. राजकारण बाजूला ठेवून काही अर्थपूर्ण कृती करावी लागेल, असे ते म्हणाले. एकाच इमारतीतून, एकाच दिवशी, एकाच पक्षाच्या दोन व्यक्तींनी उच्चारलेली ही दोन वाक्ये. अमेरिकेतील बंदूकवादाची सारी गुंतागुंत त्या दोहोंमधील अंतरात सामावलेली आहे.

‘आजचा दिवस तो नव्हे’ हे वाक्य ऐकावयास सभ्य वाटते. आपल्याकडेही घरात सुतक असताना कुणी वाटणीची भाषा काढीत नाही. काढलीच तर चारचौघे त्याला बोल लावतात. दुःखाला त्याचा अवधी द्यावा, हा संकेत जगभर आहे. पण सुतकाला दिवसांची मर्यादा असते. तेरावा होतो, माणसे पुन्हा व्यवहाराला लागतात आणि राहिलेले विषय निघतात. अमेरिकेची अडचण अशी, की तेथे एक सुतक फिटण्याआधी दुसरे लागते. शोकाच्या काळात धोरण बोलावयाचे नाही असे एकदा ठरले, की धोरण बोलण्याचा दिवस उजाडतच नाही.

शिवाय हा संकेत सर्व प्रसंगी सारखा पाळला जातो, असेही नाही. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास वेगासमध्ये हॉटेलच्या खिडकीतून संगीतसभेवर गोळीबार झाला. त्यातील मृतांची संख्या पुढे ६० वर गेली. राजकीय चर्चेला वेळ आणि स्थळ असते, आताची वेळ देशाने एकत्र येण्याची आहे, असे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रवक्त्या सारा हकबी सँडर्स यांनी तेव्हा सांगितले. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये एका परदेशी नागरिकाने सायकलमार्गावर ट्रक घालून आठ जणांना चिरडले. दुसऱ्याच सकाळी ट्रम्प यांनी व्हिसाची सोडत बंद करण्याची मागणी केली. तेव्हा ‘वेळ’ आड आली नाही. म्हणजे प्रश्न वेळेचा नव्हता, कशाबद्दल बोलावयाचे याचा होता.

भारतीय वाचकाला या वादाचे नवल वाटते, ते एका मूलभूत फरकामुळे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये बंदूक ही परवान्याने मिळणारी सवलत आहे. ती आपल्याला का हवी, हे अर्जदाराने अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. अमेरिकेत पायाच उलटा. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत सुसंघटित नागरी सैन्याचा उल्लेख करून शस्त्र बाळगण्याच्या जनतेच्या हक्काला संरक्षण दिलेले आहे. हा हक्क नागरी सैन्यापुरता की प्रत्येक व्यक्तीचा, यावर दीर्घ काळ वाद चालला. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा हक्क ठरविला. मात्र तो अमर्याद नाही, असेही त्याच निकालात नमूद केले. साहजिकच तेथे ‘का हवी’ हे नागरिकाने सांगावयाचे नसून ‘का नको’ हे सरकारला सिद्ध करावे लागते. नागरिकाच्या हाती शस्त्र असेल तरच सरकार जुलमी होणार नाही, ही भावना त्यामागे आहे आणि ती केवळ शस्त्रविक्रेत्यांनी पेरलेली आहे असे मानणे चूक ठरेल. गंमत अशी, की या मुद्द्यासाठी तेथील बंदूकसमर्थक चक्क महात्मा गांधींना साक्षीला काढतात. ब्रिटिशांनी साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा केला, हे त्यांच्या राजवटीतील अत्यंत काळे कृत्य होय, अशा अर्थाचे विधान गांधीजींच्या आत्मकथेत आहे. ते त्यांनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या पत्रकात केले होते, हा संदर्भ मात्र कुणी सांगत नाही.

न्यूटाउनच्या घटनेनंतर बंदूकधारकांची बलाढ्य संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन अर्थात एनआरए, एक आठवडा गप्प राहिली. २१ डिसेंबर २०१२ रोजी तिचे प्रमुख कार्यकारी वेन लापिएर पत्रकारांसमोर आले. संघटना काही पाऊल मागे घेईल, अशी अनेकांची अटकळ होती. त्यांनी उलट प्रत्येक शाळेत सशस्त्र पहारेकरी नेमण्याची मागणी केली, हिंसक व्हिडिओ गेम, चित्रपट आणि प्रसारमाध्यमे यांच्यावर खापर फोडले आणि पुढे सर्वतोमुखी झालेले वाक्य उच्चारले: बंदूक घेतलेल्या वाईट माणसाला थांबवू शकतो तो केवळ बंदूक घेतलेला चांगला माणूस.

या वाक्याची ताकद नीट पाहिली पाहिजे. त्यात बंदूक दोन्ही बाजूंना आहे, म्हणून हिशेबातून ती वजा होते. उरतात ती दोन माणसे, एक चांगला आणि एक वाईट. वाईट माणसाच्या हाती रायफल आली कशी, हा प्रश्न विचारावयाला जागाच उरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासो आणि डेटन येथील गोळीबारांनंतर, चाप ओढतात ते मनोविकार आणि द्वेष, बंदूक नव्हे, असे ट्रम्प म्हणाले. रचना तीच आहे. मनोरुग्ण सगळ्याच देशांत असतात आणि द्वेषालाही कोठे तोटा नाही. तेव्हा अमेरिकेतच हे वारंवार का घडते, याचे उत्तर त्या वाक्यात नसते.

चांगल्या माणसाचा सिद्धान्त अगदीच पोकळ आहे, असेही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज येथे चर्चमधील हल्लेखोरावर शेजारच्या एका नागरिकाने स्वतःची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या आणि त्याला पळावयास लावले. तोवर गर्भस्थ बालकासह २६ जीव गेले होते. डेटनमध्ये पोलिसांनी सुमारे अर्ध्या मिनिटात हल्लेखोराला ठार केले, तरी नऊ जण दगावले. आणि २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील उवाल्डी गावच्या शाळेत १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा घटनास्थळी निरनिराळ्या दलांचे मिळून ३७६ सशस्त्र अधिकारी जमले होते. वर्गात शिरून हल्लेखोराला संपविण्यास त्यांना ७७ मिनिटे लागली. चांगली माणसे होती, बंदुका होत्या, संख्याही होती. दाराआड एक रायफल होती, एवढ्यानेच ती सारी खोळंबून राहिली.

न्यूटाउननंतर काय झाले, याकडे परत वळू. कारण हा वाद कोठे अडतो, ते तेथेच स्पष्ट दिसते. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटपुढे आलेला मुख्य प्रस्ताव कुणाचीही बंदूक काढून घेणारा नव्हता. वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट जो मॅन्चिन आणि पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन पॅट टूमी हे तो मांडणारे. दोघेही बंदूकधारकांचे मित्र म्हणून ओळखले जाणारे. परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना ग्राहकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी होते. गुन्हेगार वा न्यायालयाने मनोरुग्ण ठरविलेली व्यक्ती असेल तर विक्री नाकारली जाते. खासगी विक्रेत्याला मात्र केंद्रीय कायद्याने हे बंधन नाही. बंदुकांच्या जत्रांतून आणि इंटरनेटवरील जाहिरातींतून होणाऱ्या विक्रीलाही ही तपासणी लागू करावी, एवढेच त्यात होते. आप्त आणि मित्र यांच्यातील देवघेव वगळलेली होती. तपासणीला जनतेपैकी सुमारे ९० टक्के लोकांचा पाठिंबा असल्याचे चाचण्यांत दिसत होते.

विरोधकांनी या प्रस्तावाशी झुंज घेतलीच नाही. त्यांनी ‘नोंदवही’ हा शब्द पुढे केला. तपासणी आली की सरकारकडे बंदूकधारकांची यादी आली. यादी आली की एक दिवस दारात जप्तीची गाडी आली, अशी ही साखळी. प्रत्यक्षात प्रस्तावात अशी राष्ट्रीय नोंदवही करण्यास स्पष्ट मनाई होती आणि ती मोडणाऱ्यास १५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. पण छापील कलम आणि मनातील भीती यांचा सामना झाला, की कलम हरते. १७ एप्रिल २०१३ रोजी प्रस्तावाच्या बाजूने ५४ आणि विरोधात ४६ मते पडली. ५४ अधिक असूनही प्रस्ताव पडला, कारण सिनेटच्या रिवाजानुसार चर्चा संपवून मतदानाकडे जाण्यासाठी १०० पैकी ६० मते लागतात. हल्ल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलींवरील बंदीला तर ४० च मते मिळाली. अशी बंदी १९९४ मध्ये आली होती आणि दहा वर्षांची मुदत संपून २००४ मध्ये गेली होती. न्यूटाउनमधील मृतांचे आईवडील त्या दिवशी वॉशिंग्टनमध्येच होते. वॉशिंग्टनसाठी हा लाजिरवाणा दिवस आहे, असे ओबामा त्यांच्यासमवेत उभे राहून म्हणाले.

६० मतांची ही अट लक्षात घेतली म्हणजे ‘आजचा दिवस तो नव्हे’ या वाक्याचे खरे मोल कळते. प्रत्येक राज्याला, लोकसंख्या कितीही असो, दोनच सिनेटर. त्यामुळे विरळ वस्तीच्या ग्रामीण राज्यांचे वजन तेथे मोठे असते आणि तेथे बंदूक हे शिकारीचे व शेतीच्या राखणीचे नित्याचे साधन आहे. अशा सभागृहात कायदा घडवावयाचा तर लोकक्षोभाचा जोर हवा आणि क्षोभ तर आठवड्यागणिक ओसरतो. ज्याला काहीच बदलू द्यायचे नाही, त्याला वाद जिंकण्याची गरज नसते. तो पुढे ढकलला तरी पुरते. विलंब ही येथे तटस्थता नसून एक बाजू आहे.

याच्या उलट चित्र दोन देशांत दिसले. २८ एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियात टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे ३५ जण मारले गेले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या विचारांचे, सत्तेवर येऊन जेमतेम दोन महिने झालेले. पण अवघ्या बाराव्या दिवशी सर्व राज्यांनी अर्धस्वयंचलित रायफलींवरील बंदीचा करार मान्य केला. पुढे सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका भरपाई देऊन परत घेतल्या. हॉवर्ड यांना स्वतःच्याच मतदारांच्या सभेत कोटाखाली चिलखत घालून बोलावे लागले होते. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांचा बळी गेला. आमचे बंदुकांचे कायदे बदलतील, असे पंतप्रधान जसिंडा आर्डर्न दुसऱ्याच सकाळी म्हणाल्या आणि २६ दिवसांत संसदेने ११९ विरुद्ध १ मताने ते बदलले. कायद्याने सर्व धोका टळतो, असे नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यू समाजाच्या सणात १५ जणांची हत्या झालीच. मात्र या देशांत ‘आज’ बोललेले ‘उद्या’ कायद्यात उतरविता येते, कारण संसदेत बहुमत असले की वाट मोकळी असते आणि आड येणारी घटनादुरुस्ती नसते. हॉवर्ड यांचे धैर्य खरे, पण वॉशिंग्टनमध्ये ते तेवढ्यावर चालले असते का, याची शंका आहे.

अमेरिकेतील सुधारणावाद्यांनीही आपली भाषा बदलत आणली आहे. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावरील हल्ल्यात जायबंदी झालेले जेम्स ब्रॅडी यांच्या नावाने आज ओळखली जाणारी संघटना पूर्वी ‘हँडगन कंट्रोल’ या नावाने चाले. २००१ मध्ये तिने ते टाकले. ‘नियंत्रण’ हा शब्दच मतदाराला बोचतो, म्हणून ‘सुरक्षितता’ आली. दुसऱ्या बाजूने बंदूक उद्योगाने एआर-१५ जातीच्या रायफलींना ‘आधुनिक क्रीडा रायफल’ हे सोज्ज्वळ नाव दिले. त्याच जातीच्या, न्यूटाउनमध्ये वापरलेल्या रायफलीची जाहिरात मात्र, ही घ्या आणि पुरुषत्वाचे ओळखपत्र परत मिळाले असे समजा, अशा थाटाची होती. २००५ च्या कायद्याने बंदूक उत्पादकांना खटल्यांपासून मोठे संरक्षण दिलेले आहे. तरीही मृतांच्या नऊ कुटुंबांनी या जाहिरातबाजीवरच बोट ठेवून दावा लावला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या विमेदारांकडून ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड मिळविली. कंपनीचे शब्द कंपनीलाच महागात पडल्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

सुधारणावाद्यांच्या बाजूनेही ढिलाई आहे, हे सांगितले पाहिजे. एआर म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ असे ते सर्रास बोलतात. वस्तुतः ती ‘आर्मलाइट’ या मूळ कंपनीची आद्याक्षरे आहेत. अशी एक चूक सापडली, की समोरचा तीच धरून बसतो आणि मुद्दा बाजूला राहतो. त्याहून गंभीर गोष्ट ही, की सामूहिक हत्याकांडांच्या प्रकाशझोतात बाकीचे मृत्यू दिसेनासे होतात. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. खुनांतही बहुतेक पिस्तुलाने, एकेकटे झालेले. त्यांच्यासाठी मेणबत्त्या लागत नाहीत आणि प्रवक्त्यांना प्रश्न विचारले जात नाहीत.

हे आकडे अभ्यासण्याच्या वाटेतही शब्द आडवे आले. रोगनियंत्रण केंद्राच्या निधीतून बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार वा प्रचार करू नये, असे एक वाक्य १९९६ मध्ये काँग्रेसने अर्थसंकल्पात घातले. संशोधनाला त्यात मनाई नव्हती. पण प्रचार कोणता आणि संशोधन कोणते हे ठरविणार कोण, या धास्तीने केंद्राने विषयच जवळपास सोडून दिला. त्यासाठी पुन्हा स्वतंत्र निधी मिळावयास २०१९ ची अखेर उजाडली.

लास वेगासच्या हल्लेखोराने ‘बम्प स्टॉक’ नावाचा दस्ता वापरला होता. गोळीच्या धक्क्याने रायफल मागेपुढे सरकते आणि स्थिर बोटावर चाप आपोआप पुन्हापुन्हा आपटतो. अर्धस्वयंचलित रायफल मशीनगनसारखी चालू लागते. ट्रम्प यांच्याच प्रशासनाने नियम करून हा दस्ता मशीनगनच्या व्याख्येत बसविला. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला. १९३४ पासूनच्या व्याख्येप्रमाणे चापाच्या ‘एका क्रियेत’ अनेक गोळ्या सुटल्या पाहिजेत. येथे तर प्रत्येक गोळीला चाप नव्याने दबतो, असा बहुमताचा अर्थ. साठ माणसांच्या मृत्यूनंतर झालेला एकमेव केंद्रीय बदल असा दोन शब्दांच्या अर्थावरून नाहीसा झाला. हेच काम काँग्रेसने कायदा करून केले असते, तर ही वेळ आली नसती.

मग काहीच होत नाही काय? होते, पण ते कसे होते हे पाहण्यासारखे आहे. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांची हत्या झाली. मृतांत मुंबईहून वास्तुशास्त्र शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनीही होती. हल्लेखोराला न्यायालयाने उपचार घेण्याचा आदेश दिला होता. ती नोंद तपासणीच्या केंद्रीय यादीत पोहोचली नव्हती, म्हणून त्याला दुकानातून पिस्तुले मिळाली. नोंदी पाठविण्यासाठी राज्यांना साह्य देणारा कायदा जानेवारी २००८ मध्ये झाला आणि त्याला एनआरएचाही पाठिंबा होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले. या वेळी वाचलेली मुले बोलती वयाची होती. शोक त्यांचाच असल्याने ‘ही वेळ नव्हे’ असे त्यांना सांगावयाला कुणाची जीभ उचलेना. तीन आठवड्यांत रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी खरेदीचे वय २१ करणाऱ्या आणि धोकादायक व्यक्तीची शस्त्रे न्यायालयामार्फत तात्पुरती काढून घेऊ देणाऱ्या कायद्यावर सही केली. उवाल्डीच्या घटनेनंतर महिन्याभरात, २५ जून २०२२ रोजी, जवळपास तीन दशकांतील सर्वांत मोठा केंद्रीय कायदा अस्तित्वात आला. २१ वर्षांखालील खरेदीदारांची अधिक कसून तपासणी आणि दुसऱ्याच्या नावावर बंदूक घेण्याला स्वतंत्र गुन्हा, या त्यातील ठळक गोष्टी. सिनेटमध्ये १५ रिपब्लिकनांनी त्याला मत दिले. त्यांचे म्होरके टेक्सासचे सिनेटर जॉन कॉर्निन यांची स्वपक्षाच्या ह्यूस्टनमधील अधिवेशनात तेव्हाच हुर्यो उडविण्यात आली होती.

या तिन्ही कायद्यांची अधिकृत नावे वाचावीत. एकात तपासणी यंत्रणेची सुधारणा आहे, दुसऱ्यात सार्वजनिक सुरक्षितता, तिसऱ्यात अधिक सुरक्षित वस्त्या. बंदूक हा शब्द एकाही नावात नाही.

२७ ऑगस्ट २०२५ रोजी मिनियापोलिसमध्ये शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि मुले चर्चमध्ये सामूहिक प्रार्थनेला बसली होती. बाहेरून खिडक्यांतून गोळीबार झाला. दोन मुले गेली, अनेक जखमी झाली. सहवेदना आणि प्रार्थना यांचे संदेश नेहमीप्रमाणे येऊ लागले, तेव्हा महापौर जेकब फ्रे पत्रकारांसमोर म्हणाले, की आता केवळ प्रार्थनेच्या गोष्टी करू नका. ही मुले अक्षरशः प्रार्थनाच करीत होती. या उद्गारांवरून पुढे काही दिवस वाद झाला. प्रार्थनेचा अवमान झाला की नाही, हा त्याचा विषय होता.